मोटारीचे नाक

रस्त्याने येणारी मोटार समोरून पाहिली, म्हणजे तिला जणू एक चेहराच आहे असा भास होतो. दोन दिवे हे तिचे डोळे, आणि दोन दिव्यांच्या मधोमध असलेली जाळी हे तिचे नाक. मुले मोटारीचे चित्र काढतात, तेव्हा चाकांच्या खालोखाल ती जाळीच आवडीने रेखाटतात. कोणत्या जाळीत आडव्या पट्ट्या असतात, कोणत्या जाळीत उभ्या. कोठे मधमाश्यांच्या पोळ्यासारखी नक्षी असते, तर कोठे चकचकीत मुलामा दिलेली चौकट. या थाटामुळे जाळी हा मोटारीचा दागिना आहे, असा पुष्कळांचा समज होतो. परंतु नाक जसे नथ घालण्यासाठी नसून श्वास घेण्यासाठी असते, तशीच जाळी ही शोभेसाठी नसून वारा आत घेण्यासाठी असते. या गोष्टीचा विसर पडला असता काय घडते, आणि ती ध्यानात ठेवून घरच्या घरी जाळी कशी करता येते, हे पुढे दिलेल्या आजोबांच्या व नातीच्या गोष्टीवरून दिसून येईल. पण त्याआधी मोटारीला वाऱ्याची एवढी गरज का असते, हे समजून घेतले पाहिजे.

मोटारीच्या इंजिनात पेट्रोल जळते. त्या ज्वलनातून जी शक्ती निर्माण होते, तिचा थोडाच भाग चाके फिरविण्याच्या कामी येतो. स्थूलमानाने पाहता एक चतुर्थांश ते एक तृतीयांश शक्तीचे गतीत रूपांतर होते. उरलेली शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जाते. त्यांपैकी काही उष्णता धुराबरोबर निघून जाते, पण बरीचशी इंजिनाच्या धातूत साठू लागते. ती वेळीच काढून घेतली नाही, तर वंगणाचे तेल निकस होते, धातूचे भाग प्रसरण पावून एकमेकांत घट्ट बसतात आणि इंजिन निकामी होते. हा अनर्थ टाळण्यासाठी इंजिनाभोवती पाणी खेळविलेले असते. हे पाणी इंजिनाची उष्णता शोषून घेते आणि मोटारीच्या पुढच्या भागात बसविलेल्या रेडिएटरमध्ये येते.

रेडिएटर म्हणजे बारीक नळ्या व त्यांना जोडलेले पातळ पत्रे यांचा संच होय. कपातला चहा लवकर निवत नाही, पण तोच बशीत ओतला की हां हां म्हणता निवतो. कारण बशीत तो पसरतो आणि त्याच्या पुष्कळ भागाला वारा लागतो. रेडिएटरमध्येही हेच घडते. तापलेले पाणी अनेक नळ्यांत विभागले जाते, त्याची उष्णता पातळ पत्र्यांत पसरते आणि समोरून येणारा वारा ती घेऊन जातो. मोटार वेगात असली की वारा आपोआप आत शिरतो. ती हळू चालत असली की रेडिएटरमागचा पंखा त्याला आत ओढतो. निवालेले पाणी पुन्हा इंजिनाकडे जाते. मात्र वाऱ्याला येण्यास वाट हवी. ती वाट म्हणजेच जाळी. दगडधोंडे व पालापाचोळा अडवावा, पण वारा अडवू नये, असे दुहेरी काम तिला करावे लागते.

पहिल्या मोटारींना अशी जाळीही नव्हती आणि रेडिएटरही नव्हता. जर्मनीतील कार्ल बेंझ यांनी १८८६ साली आपल्या तीन चाकी मोटारीचे पेटंट घेतले. तिच्या इंजिनातील पाणी उकळून वाफेच्या रूपाने उडून जाई, आणि तितके नवे पाणी वरचेवर ओतावे लागे. ऑगस्ट १८८८ मध्ये कार्ल बेंझ यांच्या पत्नी बेर्टा या यजमानांना न सांगताच ही मोटार घेऊन निघाल्या. बरोबर पंधरा वर्षांचा ऑयगेन आणि तेरा वर्षांचा रिशार्ट ही दोन मुले होती. मानहाइमपासून फोर्त्सहाइमपर्यंत सुमारे १०० किलोमीटरांचा हा प्रवास. वाटेत जेथे विहीर, ओढा किंवा खाणावळ लागेल, तेथे थांबून त्यांना इंजिनात पाणी घालावे लागले. चढावर मुलांनी उतरून गाडी ढकलली. मोटारीतून इतका लांबचा प्रवास त्यापूर्वी कोणी केला नव्हता. आणि मोटारीची तहान केवढी मोठी आहे, हेही त्या प्रवासात दिसून आले.

पुढे दुसरे जर्मन यंत्रविशारद विल्हेल्म मायबाख यांनी १९०० च्या सुमारास मधमाश्यांच्या पोळ्यासारखा दिसणारा रेडिएटर तयार केला. त्यात सहा मिलिमीटर रुंद व सहा मिलिमीटर उंच अशा ८,०७० चौकोनी नळ्या एकमेकींना जोडलेल्या होत्या. वारा नळ्यांतून जाई आणि पाणी त्यांच्या मधल्या फटींतून वाहे. या रेडिएटरमुळे थोडक्या पाण्यात मोठे इंजिन थंड राखणे शक्य झाले. त्या काळी रेडिएटर मोटारीच्या अगदी पुढे उघडाच असे. १९३० नंतरच्या दशकात तो हळूहळू झाकणाआड गेला आणि त्याच्यापुढे जाळी आली. मग प्रत्येक कारखाना आपली जाळी निराळ्या घाटाची करू लागला. बीएमडब्ल्यू या जर्मन कंपनीने १९३३ साली आपल्या मोटारीला शेजारी शेजारी दोन लांबट जाळ्या बसविल्या. तीच पुढे त्या कंपनीची ओळख ठरली. दुसऱ्या महायुद्धात १९४१ साली निघालेल्या विलिस कंपनीच्या पहिल्या जीपगाड्यांची जाळी लोखंडी पट्ट्या एकमेकींना जोडून केलेली होती. नंतर फोर्ड कंपनीने एकाच पत्र्यात नऊ उभ्या खाचा पाडून अधिक हलकी व स्वस्त जाळी काढली. जाळी कशीही असो. तिच्यातून वारा गेला पाहिजे, हा नियम सर्वांनाच पाळावा लागला.

भारतात मोटारींचा उद्योग उभारणाऱ्यांत सोलापूर येथे जन्मलेले वालचंद हिराचंद हे अग्रगण्य होते. त्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. इटलीतील फियाट कंपनीच्या आराखड्यावरून या कंपनीने मुंबईतील कुर्ला येथे जी मोटार बनविली, तिला १९७४ पासून ‘पद्मिनी’ असे नाव मिळाले. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती घराघरांत ओळखीची झाली. या शतकाच्या आरंभी तिचे उत्पादन थांबले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सीही निवृत्त झाली. तरी काही घरांतून अद्याप एखादी पद्मिनी मायेने जपून ठेवलेली आढळते. आपल्या गोष्टीतील मोटारही अशीच एक पद्मिनी आहे.

कृष्णाकाठच्या वाई गावी एका आजोबांच्या दारात ही मोटार उभी असे. तिचे इंजिन उत्तम होते. परंतु पुढची जाळी गंजून गंजून अगदी जर्जर झाली होती. एके दिवशी धूळ पुसताना तिचा एक तुकडा नातीच्या हातातच आला. आजोबांनी जुन्या सामानाच्या बाजारात चौकशी केली, पण धड जाळी कोठे मिळेना. कारखान्यातच माल निघत नाही, तर दुकानात कोठून येणार?

नात सातवीत शिकत होती. ती म्हणाली, “आजोबा, विकत मिळत नसेल, तर आपणच केली तर?”

आजोबा निवृत्त शिक्षक होते. शाळेत त्यांनी अनेक वर्षे हस्तव्यवसाय शिकविला होता. नातीचा प्रश्न ऐकून त्यांचे डोळे चमकले. ते म्हणाले, “करू की! मात्र आधी मापे घेऊ. माप चुकले की मेहनत मातीत जाते, बाळ.”

दोघांनी प्रथम रेडिएटरसमोरच्या मोकळ्या जागेचे माप घेतले. ती ६० सेंटिमीटर लांब व २० सेंटिमीटर उंच भरली. एकदा माप घेऊन ती दोघे थांबली नाहीत. लांबी वर, मध्ये व खाली अशी तीन ठिकाणी मोजली, कारण जुन्या पत्र्याला कोठे पोक आलेले असते, ते एका मापात कळत नाही. मग जाड पुठ्ठ्याचा त्याच मापाचा नमुना कापला आणि तो मोटारीवर बसवून पाहिला. एका कोपऱ्यात तो अडकला. तेथे पुठ्ठा कातरीने थोडा छाटला, आणि तो बरोबर बसला. पुठ्ठ्यातली चूक दोन मिनिटांत सुधारते. धातूतली चूक सुधारण्यास दिवस लागतो. कारागीर आधी नमुना करून पाहतात, तो याचसाठी.

यानंतर सामान आले. जाळीसाठी आजोबांनी ॲल्युमिनियमच्या पट्ट्या निवडल्या. प्रत्येक पट्टी १२ मिलिमीटर रुंद आणि ३ मिलिमीटर जाड होती. लोखंडापेक्षा ॲल्युमिनियम वजनाला हलके असते, आणि त्यावर लोखंडासारखा तांबडा गंज चढत नाही. हवा लागताच त्याच्या पृष्ठभागावर एक अतिशय पातळ थर तयार होतो व तोच आतल्या धातूचे रक्षण करतो. चौकटीसाठीही ॲल्युमिनियमचीच जरा जाड पट्टी आणली.

कामाला आरंभ करण्यापूर्वी आजोबांनी काही नियम घालून दिले. धातू कापताना व भोक पाडताना डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच. भोक पाडण्याचे यंत्र केवळ मोठ्यांनीच चालवायचे. यंत्र चालू असताना हातात सैल मोजे, गळ्यात ओढणी किंवा मोकळी वेणी असता कामा नये; फिरणारे टोक कापडाला क्षणात गुंडाळून घेते. पट्टी हाताने न धरता शिकंज्यात घट्ट आवळायची. नातीने हे नियम एका कागदावर लिहून भिंतीला चिकटविले.

आजोबांनी करवतीने नऊ पट्ट्या कापल्या. नातीने कानशीने त्यांच्या कडा घासल्या. कडेवरून बोट फिरविले असता कोठेही धार लागू नये, हे तिचे काम होते. हे काम दिसण्यात क्षुल्लक वाटते, पण तसे ते नाही. मोटारीची पुढची बाजू ही पादचाऱ्याच्या सर्वांत जवळ येणारी बाजू होय. तेथे टोकदार किंवा धारदार वस्तू असली, तर साधा धक्काही घातक ठरतो. याच विचाराने भारत सरकारच्या परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये मोटारींच्या पुढे बसविण्यात येणाऱ्या लोखंडी संरक्षक दांड्यांविरुद्ध कारवाई करण्यास राज्यांना सांगितले. म्हणून आजोबांनी नवी जाळी मूळ जाळीच्या जागीच, किंचितही बाहेर न काढता बसविण्याचे ठरविले. वाहनाच्या क्रमांकाची पाटीही तिच्यामुळे झाकली जाणार नव्हती.

चौकट तयार झाली. दोन्ही टोकांना व मध्यभागी अशी प्रत्येक पट्टीला तीन भोके पाडली. मग नऊ पट्ट्या, त्यांची रुंद बाजू समोर ठेवून, समान अंतराने चौकटीवर जडविल्या. काचपेपरने घासून त्यांना झिलई आणली. मोटारीवर बसविताच जाळी उन्हात लखलखू लागली. शेजारीपाजारी पाहायला आले. जो तो म्हणे, “वा! कारखान्यातली जाळी यापुढे फिकी!” नातीला आभाळ ठेंगणे झाले.

मे महिन्याचे दिवस होते. पुढल्याच रविवारी सारे घर मोटारीत बसून पाचगणीस निघाले. वाईहून पाचगणीला जाताना पसरणीचा घाट चढावा लागतो. चढ मोठा आणि वळणे अनेक. त्यामुळे मोटार हळू चालते व इंजिनाला मात्र फार श्रम पडतात. निम्मा घाट चढून होतो न होतो तोच पुढच्या झाकणाच्या फटींतून पांढरी वाफ येऊ लागली. आजोबांनी मोटार ताबडतोब कडेला घेतली व इंजिन बंद केले.

नात पाण्याची बाटली घेऊन खाली उतरली आणि झाकणाकडे धावली. आजोबांनी तिला दरडावून थांबविले. ते म्हणाले, “हात लावू नकोस! रेडिएटरचे टोपण आता उघडले, तर उकळते पाणी कारंज्यासारखे अंगावर येईल. आत वाफेचा दाब असतो. आणि तापलेल्या इंजिनावर एकदम थंड पाणी ओतले, तर धातूला तडा जाण्याचे भय असते. ते आपोआप निवू दे.” सगळी माणसे झाडाच्या सावलीत बसली. खूप वेळाने इंजिन निवाल्यावर आजोबांनी जाड फडके धरून टोपण सावकाश फिरविले, पाणी भरले, आणि मोटार परत वाईकडे वळविली. पाचगणी राहूनच गेली. परतताना नात एक शब्दही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी येऊन मोटार तपासली. पंख्याचा पट्टा घट्ट होता, पाण्याच्या नळ्या शाबूत होत्या, रेडिएटर कोठे चोंदलेला नव्हता. गेल्या वर्षी हीच मोटार हाच घाट बिनतक्रार चढली होती. मग बदलले होते ते काय? बदलली होती फक्त जाळी. तिघांनाही ते कळले, पण ते बोलून दाखविण्याचे धैर्य प्रथम कोणालाच होईना. शेवटी नातच म्हणाली, “आजोबा, जाळी काढून घाट चढून पाहू या. बाकी काहीही बदलायचे नाही.”

तिची सूचना शास्त्रशुद्ध होती. एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहिली, म्हणजे दोष कोणाचा हे निश्चित कळते. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, तितकीच माणसे घेऊन, जाळीवाचून मोटार घाटात गेली. वाफेचा मागमूसही दिसला नाही. दोष जाळीचाच होता.

नातीने रात्री वही काढली आणि हिशेब मांडला. मोकळी जागा ६० गुणिले २०, म्हणजे १,२०० चौरस सेंटिमीटर. एका पट्टीने अडविलेली जागा ६० गुणिले १.२, म्हणजे ७२ चौरस सेंटिमीटर. अशा नऊ पट्ट्यांनी ६४८ चौरस सेंटिमीटर जागा अडविली. वाऱ्यासाठी उरली केवळ ५५२. निम्म्याहूनही कमी! जाळी लखलखत होती खरी, पण तिने मोटारीचे नाकच दाबून धरले होते.

आजोबांनी वही पाहिली आणि ते हसून म्हणाले, “यालाच म्हणतात नाकापेक्षा मोती जड. चूक माझीही आहे. मापे घेतली, पण वाऱ्याचे माप घ्यायला विसरलो. आता चार पट्ट्या काढून टाकू.”

नात मात्र एक उरलेली पट्टी हातात घेऊन ती उलटसुलट फिरवीत बसली होती. पट्टीची रुंद बाजू डोळ्यांसमोर धरली, की मागची भिंत झाकली जाई. तीच पट्टी फळीसारखी आडवी करून तिची कड डोळ्यांसमोर धरली, की पट्टी जणू दिसेनाशी होई. एकाएकी ती ओरडली, “आजोबा, पट्ट्या कमी करायला नकोत, त्या फक्त वळवायला हव्यात!”

तिने पुन्हा हिशेब केला. पट्टीची कड ३ मिलिमीटर. पट्ट्या फळ्यांसारख्या बसविल्या, तर एक पट्टी ६० गुणिले ०.३, म्हणजे १८ चौरस सेंटिमीटर जागा अडवील. नऊ पट्ट्या १६२ अडवतील. वाऱ्यासाठी १,०३८ चौरस सेंटिमीटर जागा उरेल. पट्ट्या त्याच, संख्या तीच. केवळ वळविल्यामुळे वाऱ्याची वाट जवळजवळ दुप्पट झाली.

या रचनेचा आणखी एक फायदा आजोबांनी दाखविला. पोलादी मोजपट्टी सपाट धरून दाबली, तर ती सहज वाकते. तीच कडेवर उभी धरून दाबली, तर वाकत नाही. कारण दाबाच्या दिशेने जितकी जास्त जाडी, तितकी पट्टी बळकट. फळीसारख्या बसविलेल्या पट्टीला समोरच्या वाऱ्याच्या दिशेने १२ मिलिमीटरांची जाडी मिळते. म्हणून वाऱ्याने ती थरथरत नाही. उलट, वरखाली हेलकावे बसले तर मात्र ती वाकू शकते. त्यासाठी मध्यभागी आधार हवा.

तो आधार देण्याची युक्तीही पट्टीतच दडलेली होती. पट्ट्या फळीसारख्या ठेवल्या, की त्यांना पूर्वी पाडलेली भोके एकाखाली एक येत. आजोबांनी आटे पाडलेल्या तीन बारीक सळया आणल्या. एक पट्टी ओवायची, मग १७ मिलिमीटर लांबीचा नळीचा तुकडा, मग पुढली पट्टी, मग पुन्हा नळीचा तुकडा, अशी माळ गुंफावी तशी सारी जाळी ओवली गेली. नळीचे सर्व तुकडे एकाच लांबीचे असल्यामुळे पट्ट्यांतील अंतरही आपोआप समान आले. सळया स्टेनलेस स्टीलच्या होत्या. दोन निरनिराळे धातू एकमेकांना चिकटले आणि त्यांवर पाणी साचले, की त्यांतला एक हळूहळू झिजू लागतो. हे टाळण्यासाठी जेथे जेथे पोलाद ॲल्युमिनियमला टेकले असते, तेथे तेथे रबराच्या चकत्या बसविल्या. या चकत्यांमुळे जाळीचा खडखडाटही थांबला. सळयांवरील नळ्यांनी सुमारे ४२ चौरस सेंटिमीटर जागा अडविली, हे वजा जाताही सुमारे ९९६ चौरस सेंटिमीटर, म्हणजे शेकडा ८३ भाग जागा मोकळी राहिली.

या खेपेस शेजाऱ्यांना बोलावले नाही. जाळी बसवून तिघे प्रथम घाटात गेले. ऊन तसेच होते, चढही तोच. पहिल्या खेपेस जेथे वाफ आली होती ते वळण आले आणि मागे पडले. कोणी बोलत नव्हते. नातीचे डोळे झाकणाच्या फटींवर खिळले होते. घाटमाथा आला, आणि वाफेचा एक धागाही दिसला नाही. आजोबांनी मोटार थांबविली. खाली दूरवर कृष्णेचे पात्र व वाईची घरे दिसत होती. मिस्त्री जाळीवरून हात फिरवून नातीला म्हणाले, “ताई, आता हिला श्वास घेता येतो.”

आजच्या मोटारींच्या जाळ्याही याच नियमाने बांधलेल्या आहेत. काही नव्या मोटारींत जाळीमागे झडपा असतात. इंजिन थंड असताना त्या मिटतात व तापले की उघडतात. विजेवर चालणाऱ्या मोटारींत इंधन जळत नाही, म्हणून त्यांना वारा कमी लागतो आणि त्यांपैकी पुष्कळांची पुढची बाजू जवळजवळ बंद असते. गरज बदलली, की रूपही बदलते. वस्तू कशी दिसावी हे ठरविण्याआधी ती कशासाठी आहे, हे विचारले पाहिजे. वाईच्या त्या जाळीला पहिल्या खेपेचा लखलखाट राहिला नाही; समोरून पाहता तिच्या केवळ नऊ बारीक रेघा दिसतात. पण त्या रेघांमधून वारा सुखाने वाहतो.

शब्दार्थ

मुलामा – धातूवर चढविलेला चकचकीत पातळ थर. स्थूलमानाने – साधारणपणे, ढोबळ हिशेबाने. वंगण – यंत्राचे भाग सहज फिरावेत म्हणून लावतात ते तेल. निकस – गुण गेलेले, हिणकस. घाट – (येथे दोन अर्थ) आकार. डोंगरातील चढाचा रस्ता. जर्जर – झिजून मोडकळीस आलेले. शिकंजा – वस्तू घट्ट आवळून धरण्याचे साधन. कानस – धातू घासण्याचे खरबरीत हत्यार. झिलई – चकाकी. चोंदणे – मार्ग बंद होणे, तुंबणे. आटे – खिळ्यावर किंवा सळईवर पाडलेल्या फिरत्या खाचा.

स्वाध्याय

१. एकेका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) जाळीला कोणते दुहेरी काम करावे लागते?
(आ) बेर्टा बेंझ यांना वाटेत वारंवार का थांबावे लागले?
(इ) आजोबांनी जाळीसाठी ॲल्युमिनियम का निवडले?

२. कारणे द्या.
(अ) धातू कापण्यापूर्वी पुठ्ठ्याचा नमुना करतात.
(आ) तापलेल्या रेडिएटरचे टोपण उघडू नये.
(इ) नातीने जाळी काढून घाट चढून पाहण्यास सांगितले, पण बाकी काहीही बदलू दिले नाही.

३. ‘नाकापेक्षा मोती जड’ ही म्हण या पाठात कोणत्या प्रसंगी आली आहे? ती तेथे कशी लागू पडते, ते पाचसहा ओळींत लिहा. व्यवहारातील असे दुसरे एखादे उदाहरण द्या.

४. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : मेहनत मातीत जाणे; आभाळ ठेंगणे होणे; मागमूस नसणे.

५. हिशेब करा : आजोबांच्या सूचनेप्रमाणे चार पट्ट्या काढून उरलेल्या पाच पट्ट्या रुंद बाजू समोर ठेवूनच बसविल्या असत्या, तर वाऱ्यासाठी किती जागा उरली असती? नातीच्या युक्तीशी तिची तुलना करा.

६. उपक्रम : आपल्या घराच्या किंवा शाळेच्या एका खिडकीचे माप घ्या. गजांनी किती जागा अडविली आहे आणि उजेडासाठी किती उरली आहे, ते काढा. त्या खिडकीची जाळी पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची करून पाहा आणि पट्ट्या वळविल्याने काय फरक पडतो, ते वर्गात सांगा.